पाळीव सापाला खायला कधी आणि कसं द्यायचं? सातारा-सांगलीतून नेहमी येणारे प्रश्न

सर्पमित्रांना पूर्वी फोन यायचा तो ‘घरात साप शिरलाय, लवकर या’ असा. अजूनही येतो, पण आता कराड, वाई, मिरज, विटा इकडून दुसराही फोन येतो: ‘दादा, आमचा पायथन खात नाही, काय करू?’ विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि ती खरी असते. या भागात सापांवर उपचार करणारे डॉक्टर मोजकेच असल्याने पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. सापाची भूक वारावर किंवा तारखेवर चालत नाही, ती त्याच्या अंगातल्या उबेवर चालते. उपाशी राहिल्याने मरणारे पाळीव साप थोडे असतात. घाईघाईने, गारठ्यात किंवा चुकीचं खायला घातल्याने आजारी पडणारे बरेच.

उसाच्या फडात धामणीचं पिल्लू सापडलं. घरी ठेवून उंदीर घातले तर चालेल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे साप पकडून ठेवणं गुन्हा आहे. नाग, घोणस, धामण, दिवड, अजगर, मांडूळ, कुणीही असो. ‘आम्ही त्याला त्रास देत नाही, उलट खायला घालतो’ हा बचाव चालत नाही. मांडुळाच्या बाबतीत तर फारच सांभाळा. गुप्तधन, दुतोंड्या असल्या खुळचट समजुतींपायी त्याची तस्करी होते आणि आपल्याच जिल्ह्यांत त्यात माणसं पकडली गेली आहेत.

शिवाय पकडलेला रानटी साप भेदरलेला असतो. तो बहुधा खात नाही आणि खाल्लेलं असेल तर तेही बाहेर टाकतो. धामण फडातच असू द्या, तिचं अन्न तिथेच आहे आणि तुमच्या उसाला लागणारे उंदीरही तीच खाते. साप घरात आला असेल किंवा जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मग कायद्याने कोणता साप पाळता येतो?

पुढची सगळी माहिती दोन परदेशी, बिनविषारी सापांबद्दल आहे. एक पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन, दुसरा अमेरिकेतला कॉर्न स्नेक. बॉल पायथन सायटीस कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद ठेवणं बंधनकारक झालं आणि २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. पिल्लं झाली, साप मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं असतं. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी त्याच्या खरेदीची पावती जपून ठेवा. कागद न देता ‘घ्या हो, काही होत नाही’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

आजी म्हणते, निदान नागपंचमीला तरी त्याला वाटीभर दूध ठेव. ठेवू का?

आजींचा मान राखा, पण दूध ठेवू नका. दूध हे सापाचं अन्न नव्हे आणि ते पचवायची त्याच्या पोटाची तयारी नसते. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पिताना दिसतो, कारण त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं. तहानेने कासावीस झालेला जीव समोर येईल ते पितो. ते दूध श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसाचा संसर्ग होतो आणि पंचमी उलटल्यावर तो साप कुठेतरी मरून पडतो. फण्यावर वाहिलेल्या हळदकुंकवाने डोळ्यांना इजा होते ती वेगळीच.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची पंचमी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिथल्या जिवंत नागांच्या खेळांवर आणि प्रदर्शनावर न्यायालयाच्या आदेशाने बंधनं आली. मातीच्या किंवा चित्रातल्या नागाची पूजा घरोघरी होतच आली आहे आणि तिने श्रद्धेत काही उणं पडत नाही. तुमच्या सापाला त्या दिवशी स्वच्छ पाण्याचं भांडं भरून ठेवा. ते तसंही रोजच हवं.

किती दिवसांनी खायला द्यायचं?

वयावर आहे. बॉल पायथनच्या पिल्लाला ५ ते ७ दिवसांनी, वाढत्या वयात ७ ते १० दिवसांनी आणि पूर्ण वाढलेल्याला २ ते ४ आठवड्यांनी एकदा. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला ५ ते ७ दिवसांनी, मोठ्याला १० ते १४ दिवसांनी.

इथे आपल्या माणसांचा जीव तुटतो. महिन्यातून एकदाच जेवण? पण साप स्वतःचं अंग तापवण्यासाठी अन्न जाळत नाही, ऊब तो बाहेरून घेतो. म्हणून एका जेवणावर त्याचं फार दिवस निभतं. दर आठवड्याला मोठा रॅट (उंदराची मोठी जात) घालून पोसलेले पायथन पाहिलेत, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या वळ्या आलेल्या. असं लठ्ठ जनावर काही वर्षांत यकृताच्या दुखण्याने जातं. पाठीवरून हलका हात फिरवल्यावर कणा किंचित लागला पाहिजे. टोचायला नको आणि चरबीत बुडालेलाही नको.

उंदीर केवढा असावा?

सापाच्या अंगाचा जो भाग सर्वांत जाड, साधारण तेवढ्या जाडीचा. वजनाचा हिशोब हवा असेल तर लहान सापाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, मोठ्याला ५ टक्क्यांच्या आसपास. कॉर्नच्या अगदी छोट्या पिल्लाला केस न आलेलं उंदराचं पिल्लू पुरतं, पाळणारे त्याला पिंकी म्हणतात. मनात शंका असेल तर लहान आकार निवडा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरू नका, सापासाठी वेगळा घ्या. पंधरा दिवसांनी एकदा वजन वहीत लिहून ठेवा, पुढे डॉक्टरांना पहिल्यांदा तीच वही लागते.

त्याला भूक लागलीय हे ओळखायचं कसं?

संध्याकाळी दिवे लागल्यावर बघा. भुकेला बॉल पायथन लपायच्या डब्याच्या तोंडाशी हनुवटी टेकून बसतो, नजर बाहेर, मान मागे दुमडलेली. जीभ सावकाश बाहेर येते, हवेत वरखाली होते, आत जाते. तुम्ही खोलीत शिरलात की तिचा वेग वाढतो. कॉर्न स्नेक बसून राहत नाही, काचेच्या कडेकडेने फिरत सुटतो. पोट भरलेला किंवा घाबरलेला साप मात्र अंगाचा गोळा करून डोकं आत दडवतो. तेव्हा पेटीचं झाकण उघडूच नका.

आणखी दोन गोष्टी पाहायच्या. मागचं जेवण पचून विष्ठा पडली आहे का? आणि पेटीतली उबेची बाजू खरंच उबदार आहे का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच उंदीर बाहेर काढा.

डोळे निळसर, धुरकट झालेत. आजारी आहे का?

नाही, तो कात टाकणार आहे. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, चिडचिड होते आणि बहुतेक साप खात नाहीत. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि मग कात पडते. ती पूर्ण निघाली का ते बघा, डोळ्यांवरचा पापुद्रासुद्धा. त्यानंतर एक-दोन दिवसांनी खायला द्या, बहुधा चांगली भूक असते.

जिवंत उंदीर द्यायचा की मेलेला?

मेलेला. आधी मारलेला, गोठवलेला आणि पुन्हा गरम केलेला. यात आमचं दुसरं मत नाही.

कोंडलेला उंदीर जिवाच्या आकांताने चावतो. तो सापाचा डोळा फोडू शकतो, पाठ कुरतडू शकतो. भूक नसलेल्या सापाच्या पेटीत रात्रभर जिवंत रॅट सोडला, तर सकाळी साप जखमी सापडतो. पाठीवरची ती जखम कणा उघडा पडेपर्यंत खोल जाऊ शकते. आणि उंदराचाही विचार करा. दहा मिनिटं कोपऱ्यात थरथरत बसण्यापेक्षा आधी वेदनेशिवाय मारलेला बरा. ‘रानात तो जिवंतच खातो ना’ असं लोक म्हणतात. रानात उंदराला पळायला वाट असते आणि सापाला माघार घ्यायलाही.

जिवंत उंदराची सवय लागलेला साप मेलेला उंदीर घेत नसेल, तर तो नीट गरम करा आणि चिमट्याने हलकेच हलवा. काहींना दोन-चार वेळा लागतात, पण बहुतेक वळतात.

गोठवलेला उंदीर तयार कसा करायचा?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

उंदीर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये, घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवा. खायला द्यायच्या आदल्या रात्री तो पिशवीसकट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवा. सकाळपासून ओट्यावर उघडा ठेवू नका. सांगलीच्या एप्रिल-मे मधल्या ४० अंशांत तो वरून सडायला लागतो आणि आतून बर्फच राहतो. संध्याकाळी तो पूर्ण सुटला की पोट बोटाने दाबून बघा. आत कडक गाठ लागली तर अजून थांबा. अर्धवट गोठलेला उंदीर गिळला तर साप तो उलटून टाकतो, आणि उलटी हे सापासाठी साधं दुखणं नाही.

मग पिशवी न उघडता ती गरम पाण्याच्या बादलीत १५-२० मिनिटं ठेवा. पाणी आंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं कढत, उकळतं नको. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, त्यांच्या आधारे तो भक्ष्य ओळखतो. म्हणून उंदराचं अंग ३८ अंशांच्या आसपास आणि डोकं त्याहून किंचित गरम असेल, तर तो नेमका डोक्याकडून धरतो. शेवटी उंदीर कोरडा करा.

मायक्रोवेव्ह कधीही नको. उंदीर आतून शिजतो, कधी फुटतो. आणि सापाने न घेतलेला उंदीर पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका, फेकून द्या.

पैसे वाचतात म्हणून शेतातले किंवा गोदामातले उंदीर घातले तर?

नका घालू. द्राक्षबागा, ऊस, हळदीची गोदामं, सगळीकडे उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोन पसरलेलं असतं. ते खाल्लेला उंदीर लगेच मरतो असं नाही. ब्रोमाडायोलोनने तर दिवस लागतात आणि तोवर तो चालता-फिरता असतो. तो सापाच्या पोटात गेला की विषही जातं. शिवाय परजीवी असतात आणि लेप्टोस्पायरोसिसचा धोका तुम्हालाही. खाद्यासाठी मुद्दाम वाढवलेले पांढरे उंदीरच घ्या. विक्रेता त्यांना काय खायला घालतो हेही विचारा.

चिकनचे तुकडे, अंडी, पाली?

नाही. अख्ख्या उंदरात हाडं, यकृत, कातडी सगळं असतं, म्हणून वरून कॅल्शियम द्यावं लागत नाही. चिकनच्या तुकड्यात ते मिळत नाही. पाली रानातून परजीवी घेऊन येतात.

आमचं घर शाकाहारी आहे. आई फ्रिजमध्ये उंदीर ठेवू देत नाही.

आईंचं बरोबर आहे. उंदरांमध्ये साल्मोनेला हे जंतू असतात, सापाच्या अंगावरही असतात. खाण्यापिण्याच्या फ्रिजमध्ये उंदीर ठेवणं मांसाहारी घरातही योग्य नाही. छोटा वेगळा फ्रीझर, वेगळी बादली, वेगळा चिमटा, आणि ते सगळं न्हाणीघरात किंवा गॅलरीत धुवायचं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. हे जमणार नसेल आणि घरच्यांच्या मनाविरुद्धच करावं लागत असेल, तर साप आणू नका. सापाला पनीर किंवा सोयाबीन चालत नाही आणि त्याचा आहार आपल्या सोयीने बदलणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रत्यक्ष देताना काय काळजी घ्यायची?

आधी हात साबणाने धुवा. हाताला उंदराचा वास असेल तर सापाच्या लेखी हातच उंदीर. मग निदान एक फूट लांबीच्या चिमट्याने उंदीर कमरेशी धरून सापाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर न्या. तोंडावर नेऊन आदळू नका, त्याने भित्रा साप मागे सरतो. खोलीतला मोठा दिवा बंद करा, मंद उजेड पुरे.

झेप डोळ्याला दिसत नाही इतकी चटकन होते. लगेच दोन-तीन वेढे पडतात. त्या आवळण्याने खऱ्या भक्ष्याचं रक्ताभिसरण थांबतं, मेलेल्या उंदराभोवतीही तो तसेच वेढे घालतो. मग काही मिनिटं सगळं स्तब्ध. तुम्ही चिमटा सोडून द्या आणि हलू नका. वेढे सैल झाले की तो नाकाने चाचपत डोक्याची बाजू शोधतो आणि गिळायला लागतो. जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी, असं करत तो स्वतःलाच उंदरावर चढवत नेतो. शेवटी शेपूट आत गेली की दोन-तीन मोठ्या जांभया देतो, जबडा जागेवर बसवतो.

खायला घालण्यासाठी साप दुसऱ्या डब्यात हलवायची गरज नाही. भरल्या पोटाने पुन्हा उचलून ठेवण्यातच जास्त धोका आहे. एका पेटीत दोन साप असतील तर मात्र एकत्र कधीही खायला देऊ नका. खरं तर दोन साप एकत्र ठेवूच नका.

थंडी सुरू झाली आणि खाणं बंद झालं.

साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो, पाचगणी-महाबळेश्वरकडे त्याहून खाली. बॉल पायथनला उबेच्या बाजूला ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश लागतात. कॉर्नला उबेला २९ ते ३१ आणि थंड बाजूला २२ ते २५. तेवढी ऊब नसेल तर अन्न पोटात पचण्याऐवजी कुजतं. म्हणून साप खात नाही आणि ते शहाणपणाचं आहे.

हीटिंग मॅट (पेटीखाली ठेवायची विजेवरची गरम चटई) लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, नाही. मॅट नुसती जोडून दिल्याने पोटाची कातडी भाजलेले साप येतात. तापमान बाहेरच्या डिजिटल घड्याळावर न बघता, पेटीत जिथे साप बसतो तिथे मोजा. सांगलीकरांना उन्हाळ्यात उलट अडचण येते. खोलीच ३८-४० झाली तर साप निपचित पडतो. पेटी तळमजल्यावर किंवा गार भिंतीशी हलवा आणि उतार पडेपर्यंत खायला देऊ नका.

महिना झाला, काहीच खाल्लं नाही.

कॉर्न स्नेक असेल तर लक्ष द्या. बॉल पायथन, तोही वयात आलेला नर, थंडीच्या दिवसांत दोन-तीन महिने न खाता राहतो आणि वजन फारसं उतरत नाही. अशा वेळी दर दोन दिवसांनी उंदीर नाकाशी नेणं बंद करा. तापमान, ओलावा आणि लपायची जागा तपासा. बॉल पायथनला हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओल हवी. लपायची जागा अंगाला घासून बसेल इतकी अरुंद हवी. ७ ते १० दिवस पूर्ण शांतता द्या, मग एकदा प्रयत्न करा. नव्याने आणलेल्या सापालाही पहिला आठवडा असाच सोडा.

डॉक्टर केव्हा? वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातोंडातून बुडबुडे किंवा चिकट स्राव येतोय, हिरड्यांवर पिवळट थर आहे, खवल्यांमध्ये बारीक काळे ठिपके फिरतायत. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. जवळ सापांचा अनुभव असलेले पशुवैद्य नसतील, तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी फोन करून सापाला बघणारे कुणी आहेत का, हे विचारून घ्या. तोंड उघडून जबरदस्तीने उंदीर कोंबणं घरी कधीच करू नका. अन्ननलिका फाटते.

गिळलेला उंदीर दोन दिवसांनी बाहेर टाकला.

पेटी स्वच्छ करा, पाणी बदला, तापमान तपासा आणि किमान १० ते १४ दिवस काही देऊ नका. ‘पोट रिकामं झालं, बिचारा उपाशी’ म्हणून लगेच दुसरा दिला तर तोही बाहेर येतो. उलटीबरोबर पोटातली आम्लं जातात, ती पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. पुढचं जेवण निम्म्या आकाराचं. पुन्हा उलटी झाली तर डॉक्टरच.

खाल्ल्यावर हातात केव्हा घेता येईल?

४८ तासांनंतर. पोटाचा फुगवटा दिसत असेल तर त्याहूनही उशिरा.

खायला देताना हाताला चावला आणि सोडत नाही!

ओढू नका. त्याचे दात मागे वळलेले असतात, ओढलं तर तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. हात थंड पाण्याच्या नळाखाली धरा, बहुधा तो सोडतो. मग जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

हे फक्त ओळखीच्या, बिनविषारी पाळीव सापाबद्दल. घराबाहेरच्या कुठल्याही सापाने दंश केला तर त्याची जात ओळखत बसू नका. दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात पोहोचा.

पाहुण्यांना, मुलांना खाताना बघायचंय. व्हिडिओ काढू?

गर्दी आणि मोबाइलच्या दिव्यात बरेच साप भक्ष्य सोडून देतात. पाच वर्षांखालच्या मुलांना सापापासून आणि उंदरांच्या डब्यापासून लांबच ठेवा, साल्मोनेला त्यांना जास्त बाधतो. मोठ्या मुलांना काचेबाहेरून, शांतपणे, जरूर बघू द्या.

आठ दिवस गावाला जायचंय. शेजाऱ्यांना खायला घालायला सांगू?

नको. निरोगी मोठ्या सापाला आठ दिवस काही लागत नाही, शेजाऱ्यांनी फक्त पाणी आणि थर्मोस्टॅट बघावा. निघायच्या आदल्या दिवशी भरपेट देऊन जाऊ नका. मागे वीज गेली आणि पेटी गार पडली तर ते पचणार नाही.

हाच नियम पुराच्या दिवसांत पाळा. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णाकाठच्या घरांतून माणसं हाताला लागेल ते घेऊन निघाली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी इशारा पातळीकडे सरकू लागलं की सापाचं खाणं थांबवा, म्हणजे हलवायची वेळ आली तर पोट रिकामं असेल. हवेची भोकं असलेला, झाकण पक्कं बसणारा डबा आणि उशीचा जाड अभ्रा हाताशी ठेवा. डब्यावर सापाचं नाव, ‘बिनविषारी’ असा ठळक शब्द आणि तुमचा फोन नंबर लिहा. नोंदणीचा कागदही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत घ्या. निवाऱ्याच्या ठिकाणी तिथल्या लोकांना आधी सांगा, डबा उघडू नका. घरी परतल्यावर पेटी पुन्हा उबदार झाली की दोन-तीन दिवस थांबून, नेहमीपेक्षा लहान उंदराने सुरुवात करा.